झिप्र्या माणसात आला

फरशीवर नखं वाजली. टक्, टक्, टक्.

त्याआधी घरात कसलाच आवाज नव्हता. सकाळपासून डोंगराच्या पोटात घरघरणारं भोकं पाडायचं यंत्र नुकतंच थांबलं होतं. ते थांबलं की आमच्याकडे अशी शांतता होते की चुलीतलं लाकूड खाली बसलं तरी ऐकू यावं. मोठी माणसं म्हणतात, बरं झालं, कान सुटले. पण यंत्र थांबलं म्हणजे भोकं पाडून झाली, आता त्यांत सुरुंगाची दारू भरतायत, मग शिट्टी होणार आणि मग धडाका. हे आमच्या घरात सगळ्यांत आधी कळायचं ते झिप्र्याला.

मी सुपात धान्य घेऊन बसले होते. माझी लेक चिऊ खाटेवर पालथी झोपली होती. झिप्र्या दारातून भिंतीपर्यंत आला, भिंतीला नाक लावलं, वळला, पुन्हा दारापर्यंत गेला. शेपूट पोटाखाली, तोंडातून लाळेची तार. या वेळी तो आबांबरोबर मेंढ्यांमागे असायला हवा होता.

"झिप्र्या, जा. आबा शोधत असतील."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. खाटेखाली शिरायला लागला. एवढं धिप्पाड कुत्रं, खाटेखाली मावणार कसं? त्याने पाठीने खाट उचलली, चिऊसकट. तेवढ्यात लांबवर शिट्टी झाली आणि पाठोपाठ जमीन हादरली. छपरातली धूळ माझ्या सुपात पडली. चिऊ उठून बसली आणि सवयीने म्हणाली, "खाण शिंकली." खाटेखालून ओल निघाली आणि फरशीच्या उतारावरून वाहत निवडलेल्या धान्याकडे आली. मी सूप उचललं. ओरडले नाही. लांबून, कुरणाच्या बाजूने, आबांची हाळी ऐकू येत होती. ते झिप्र्याला बोलावत होते. आवाज फाटला होता त्यांचा.

संध्याकाळी आबा आले ते खांद्यावर कोकरू घेऊन. आबा म्हणजे माझे सासरे. कोकराची मान लोंबत होती आणि मागचा एक पाय नव्हताच. त्यांनी ते झिप्र्यासमोर अंगणात टाकलं.

"बघ. तुझी कमाई."

झिप्र्याने मान दुसरीकडे वळवली. आबा खाली बसले. गुडघा दाबत राहिले. आबांना आता पळवत नाही. लांडगा दिसला तरी दगड मारण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. कळप राखतो तो झिप्र्या, आबा फक्त बरोबर असतात, असं ते स्वतःच म्हणायचे.

"खालचं गवत संपत आलंय," ते म्हणाले. "वरच्या कुरणात जायला लागणार. तिथे लांडगे दिवसाढवळ्या फिरतात. तोवर हा माणसात आला तर आला. नाहीतर खाणीचा राखणदार मागतोय त्याला. सुरुंगाच्या कोठीपाशी साखळीला बांधायला."

"आबा, तिथे तो जगेल का?"

"आणि इथे माझ्या मेंढ्या मरतायत, त्यांचं काय?"

मी कोकरावर पोतं टाकलं.

आमचं खालचं कुरण अर्ध्याहून जास्त खाणीत गेलं. त्याच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती आमच्या ह्यांनी घेतली. आधी दगड भरायचे, थंडीपासून सुरुंग भरणाऱ्यांच्या टोळीत गेले. पगार बरा. मेंढ्या आहेत म्हणून दूध आहे, लोकर आहे, आबांना सकाळी उठायला कारण आहे. पगार आहे म्हणून बाकीचं आहे. दोन्हींतलं एक काढलं तर घर एका पायावर उभं राहतं.

झिप्र्या ह्यांचा. आई मेलेलं पिल्लू होतं, डोळेसुद्धा उघडले नव्हते. ह्यांनी शर्टाच्या आत छातीशी धरून वाढवलं, बोळ्याने दूध पाजलं. आमचं लग्न झालं तेव्हा नवरदेवाच्या शर्टाला कुत्र्याचे केस होते. पण थंडीपासून झिप्र्या ह्यांच्याजवळ येईनासा झाला. हे कामावरून आले की फाटकाशी उभे राहून शीळ घालत. पूर्वी एका शिळेवर उड्या मारत यायचा. आता गोठ्यामागे जाऊन बसायचा.

"रुसलाय," हे म्हणायचे. "दिवसभर नसतो ना मी घरी."

"कुत्रं आहे ते. बायको नाही, रुसायला," आबा म्हणायचे, आणि माझ्याकडे न बघता हसायचे.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. एक गोळी दिली तर झिप्र्या दुपारभर उन्हात जीभ काढून पडला. मेंढ्या त्याच्या अंगावरून गेल्या तरी उठला नाही. आबांनी उरलेल्या गोळ्या उकिरड्यात फेकल्या. "झोपलेलं कुत्रं राखणीला न्यायचं, त्यापेक्षा मीच झोपतो," म्हणाले. म्हणजे औषध नको. त्याने शुद्धीवर राहून घाबरायचं सोडलं पाहिजे. हे कसं करायचं ते कोणी सांगत नव्हतं, म्हणून मला जे माहीत होतं तिथून मी सुरुवात केली. मला माहीत होतं ते एक रडकं मूल शांत करणं.

चिऊ तान्ही असताना घट्ट गुंडाळली की झोपायची. मी शेजारच्या शिंपिणीकडे गेले. म्हटलं, वहिनी, छाती-पोटाला घट्ट बसेल असं काहीतरी शिवून द्या, पायांना मोकळं हवं.

"कोणासाठी गं? पुन्हा दिवस गेलेत का?"

"झिप्र्यासाठी."

तिने तोंडातली टाचणी काढली. "आजवर नवऱ्या मुलींचे कपडे शिवले, म्हाताऱ्यांचे शिवले. कुत्र्याला झबलं शिवायचं राहिलं होतं. माप कोण घेणार? मला चावला तर?"

माप मी घेतलं. जुन्या चादरीचं जाड कापड, पोटाखाली बंद. घातलं तेव्हा झिप्र्या लाकडासारखा उभा राहिला. चिऊ टाळ्या पिटायला लागली. पण त्या दुपारी तो चालत राहिला नाही. थरथरला, लाळ गाळली, पण एका जागी.

मग मी पहाटे उठायला लागले. चिऊ उठायच्या आत झिप्र्याला घेऊन ओढ्याच्या काठाने लांबवर जायचं, चढावर पळवायचं, दोघांनाही धाप लागेपर्यंत. थकलेल्या अंगात भीती कमी मावते. यंत्र थांबलं की कणगीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचं पोतं, खिडकीवर ओलं गोणपाट, आणि मी त्याच्या शेजारी. कानाच्या मुळापासून टोकापर्यंत अंगठ्याने हळू चोळायचं. त्या कानाची कातडी इतकी मऊ की आत रक्त पळताना कळतं. आधी भरभर, मग जरा सावकाश. मीही त्याच्याबरोबर सावकाश श्वास घ्यायची. त्या वेळेत भांडी पडून राहायची, कपडे भिजत राहायचे, आबांचं जेवण उशिरा पोचायचं.

"लेकराचे इतके लाड केले नाहीस," आबा एकदा म्हणाले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

शेवटचा उपाय चिऊच्या खेळातून निघाला. ती पातेल्याच्या झाकणावर चमच्याने वाजवत होती. झिप्र्या बिचकला, पण तिच्या दुसऱ्या हातात तुकडा होता म्हणून गेला नाही. तेव्हापासून आम्ही दोघी रोज बसायचो. चमचा अगदी हळू टेकवायचा, टिंग, लगेच मटणाचा तुकडा. टिंग, तुकडा. तो तुकड्याची वाट बघायला लागला की जरा जोरात. घाबरला की पुन्हा हळू. चिऊला धीर नव्हता.

"आई, आता मोठ्ठा ठण् करू?"

"नको. त्याला वाटू दे की आवाज आला म्हणजे खाऊ आला."

"आणि खाणीला खाऊ नसतो का?"

"नसतो."

"म्हणून शिंकते ती," चिऊ म्हणाली आणि तुकडा स्वतःच खाल्ला.

हळूहळू झाकण अंगणातून वाजवलं तरी तो पोत्यावर बसून राहायला लागला. धडाका झाला की उठायचा, पण खाटेखाली जायचा नाही. माझ्या मांडीवर हनुवटी दाबायचा. मात्र सकाळी कमावलेलं संध्याकाळी जायचं. हे घरी आले की झिप्र्या गोठ्यामागे, आणि रात्री अन्नाला तोंड नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंगपासून सुरुवात. मला वाटायचं, संध्याकाळपर्यंत दमतो बिचारा.

मग एके दिवशी हे कामावरून जरा खुशीतच आले. दवाखान्यातल्या मलमपट्टी करणाऱ्या माणसाला भेटून आले होते.

"अगं, सोपं आहे. मालकाचा अंगात घातलेला कपडा कुत्र्याच्या अंथरुणात घालायचा. न धुतलेला. मालक घरी नसला तरी वास असतो. जीव शांत राहतो त्याचा." असं म्हणत त्यांनी अंगातला शर्ट काढला. लाजल्यासारखे झाले होते. "लहानपणी माझ्या शर्टातच असायचा की."

मलाही पटलं. चिऊला झोप येत नसली की मी माझी ओढणी तिच्या उशाला ठेवते. आबासुद्धा म्हणाले, "बघा तर." मी शर्ट पोत्यावर पसरला, बाह्या आत दुमडल्या. झिप्र्याला हाक मारली. तुकड्याच्या आशेने आला, दोनदा गोल फिरला, बसायच्या आधी नाक खाली नेलं.

आणि तिथेच थिजला. पाठीवरचे केस उभे राहिले. एक एक पाय मागे घेत भिंतीला टेकला आणि थरथरायला लागला. संध्याकाळ होती. यंत्र कधीचं बंद, शिट्टी नाही, धडाका नाही. चिऊ दारात पाय धूत होती. त्याने पोत्याशेजारी धार सोडली.

"अरे, मी आहे. मीच आहे रे," हे म्हणाले आणि उघड्या अंगाने त्याच्यापुढे उकिडवे बसले. हात पुढे केला.

झिप्र्याने दात दाखवले. मग चावला. फार नाही, अंगठ्याच्या बुडाशी. त्यांच्या खांद्यावरूनच उडी मारून बाहेर, कुंपणावरून पलीकडे.

आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, शर्ट उचलला आणि नाकाला लावला. मग मुलाच्या मागे जाऊन त्याच्या केसांत नाक घातलं, आजारी मेंढीचा वास घेतात तसं.

"सुरुंग," ते म्हणाले. "तुझ्या अंगाला सुरुंगाचा वास येतोय. त्याला वाटतं, तू घरात आलास म्हणजे धडाका घरात आला."

हे अंगठा दाबून बसले होते. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. "मी तर रोज आंघोळ करतो," म्हणाले. कोणी विचारलं नसताना.

त्या आठवड्यात आम्ही त्यांना धुतलं. दुसरा शब्दच नाही. साबणाने झालं, राखेने झालं, ओढ्याच्या चिकणमातीने झालं. शेवटी मेंढ्या बुडवायच्या दगडी टाक्यात गोचिडांचं औषध पातळ करून हे चड्डीवर बसले आणि आबांनी खरारा घेतला. पाठ लाल झाली. कुंपणावरून शिंपीण डोकावली.

"आज मेंढ्या संपल्या वाटतं?"

हे हसले. "वहिनी, लोकर कापायची राहिलीय, येताय का कात्री घेऊन?"

ती हसत निघून गेली. आबा हसले नाहीत, घासत राहिले. मी नखांखालची काळी रेघ काडीने काढत होते. काढली की दुसऱ्या दिवशी तेवढीच असायची. रोज दुपारी त्याच हातांनी भोकं भरायची. वास कातडीत नव्हता, कामात होता. मला वास यायचाच नाही. मी रात्री त्यांच्या मानेत नाक खुपसून शोधला. मला फक्त हे सापडले.

झिप्र्या लांबच्या बांधावर राहायला लागला. हे कामावर गेले की यायचा, संध्याकाळी वारा तिकडून आला की उठून जायचा. खालचं गवत संपलं. मेंढ्या गोठ्यात बें बें करत एकमेकींची लोकर ओढायला लागल्या. राखणदार साखळी घेऊन येऊन गेला. आबांनी त्याला, थांब जरा, म्हणून सांगितलं. मग जेवताना, ताटातून मान वर न काढता, ते मुलाला म्हणाले,

"माणसाला सांगितलं तर कळतं. कुत्र्याला सांगता येत नाही."

ह्यांनी घास हातात तसाच ठेवला.

"खाणीवर खोपटी आहेत ना तुमची? बाहेरची माणसं राहतात ती?"

"आहेत."

"मग?"

"आबा, हा काय न्याय झाला?" मी म्हणाले. "घर ह्यांचं आहे. अहो, तुम्ही सोडा ती नोकरी."

"आणि चारायचं कुठे? खाणीत?" हे मला म्हणाले. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढला. मग खाली आला. "पुन्हा दगड भरायला घेतात का विचारलं मी. त्या जागी दुसरा घेतलाय. मेंढ्या वरच्या कुरणातून परत येईपर्यंत जातो मी. तोवर सवय होईल त्याला."

"कशाची सवय?" मी विचारलं.

सकाळी त्यांनी वळकटी बांधली. चिऊने विचारलं तर मीच सांगितलं, बाबांना तिकडे राखण आहे. फाटकाशी त्यांनी शीळ घातली नाही. बांधाच्या बाजूला पाहिलं, वारा कुठून आहे ते पाहिलं आणि लांबच्या वाटेने गेले.

झिप्र्या त्याच रात्री गोठ्याच्या दारात येऊन झोपला. ताट चाटूनपुसून खाल्लं. पुढच्या दुपारी यंत्र थांबलं, तेव्हा त्याने मान उचलली, कान हलवले आणि माझ्याकडे पाहिलं. येऊन शेजारी बसला. शिट्टी झाली. जमीन हादरली. त्याच्या कातडीवरून एक शिरशिरी गेली, पाण्यावरून वारा जातो तशी, आणि तो माझ्या मुठीतल्या तुकड्याला नाक लावून थांबला. मी मूठ उघडायला विसरले. चिऊ ओरडली, "आई, खाऊ दे ना! आवाज आला!"

काही दिवसांत झबलं लागेनासं झालं. आबा कळप घेऊन वर गेले. धडाका झाला की झिप्र्या मेंढ्यांना गोळा करून त्यांच्याभोवती फिरतो, आबा सांगत होते, एक कोकरू गेलं नाही. सांगताना त्यांचा हात झिप्र्याच्या मानेवर होता. मुलाची चौकशी त्यांनी केली ती निघताना, चपला घालता घालता.

"हाताला गुण आहे हो तुझ्या," शिंपीण म्हणाली. "माझा म्हातारा आणून सोडू का तुझ्याकडे? तोही ओरडतो."

मी हसले. घरात जाऊन खिडकीवरचं गोणपाट सोडलं, दुमडून ठेवलं. खाटेवर एका बाजूला चिऊ झोपते, दुसऱ्या बाजूला हात टाकला की नुसती चादर.

सुट्टीच्या दिवशी हे येतात. घरी नाही, ओढ्यापलीकडच्या बांधापर्यंत. झिप्र्या वर असला तरीही, कारण वास खाटेला, भिंतींना राहिला तर तो खाली आल्यावर पुन्हा टिंगपासून सुरुवात. आबांनी जागा सांगून ठेवलीय, तिथून वारा घराकडे येत नाही. मी डबा नेते, धुतलेले कपडे देते, मळके घेते. मळके मी घरी आणत नाही, तिथेच ओढ्यावर आपटते. नवरा-बायको असून कोणी बघेल की काय अशा घाईने बोलतो आम्ही. त्यांना आता जरा कमी ऐकू येतं. डाव्या बाजूने बोलावं लागतं.

"कसा आहे?" ते विचारतात.

"चांगला आहे. वर गेलाय. आज येतील खाली, मीठ न्यायला."

"आवाजाला?"

"बसून राहतो."

"वा," म्हणतात. आणि खरंच आनंद होतो त्यांना. तो बघवत नाही मला.

या वेळी चिऊ त्यांच्या मांडीवरून उठेचना. त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, काढायची, गळ्यात तोंड घालून काहीतरी सांगायची, आणि ते ऐकू आल्यासारखी मान हलवायचे. ऊन उतरलं तेव्हा मीच तिला ओढून घेतलं. परतताना ती मागे वळून वळून हात हलवत होती.

आम्ही अंगणात आलो तेव्हा आबा खाली उतरले होते. झिप्र्या दारात होता. चिऊला बघून शेपूट हलवत, कमरेतून वाकडा होत धावत आला. ती हात पसरून उभी राहिली. तो तिच्यापर्यंत आला, तिच्या फ्रॉकला नाक लावलं, आणि थांबला. शेपूट खाली गेलं. एक पाय मागे घेतला. मग दुसरा.

"झिप्र्या, मी आहे," चिऊ म्हणाली.

तो गोठ्यामागे गेला.

आबांनी पाहिलं आणि मिठाची पिशवी बांधायला लागले. मी चिऊला टाक्यापाशी नेलं, फ्रॉक काढला, अंगावर पाणी ओतलं. तिने आपलाच दंड नाकाला लावून पाहिला, मग दुसरा. रडली नाही. साबण तिच्या कोपरापर्यंत आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि उद्या पाऊस येईल का, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं,

"आई, झिप्र्या मेला की मग बाबा घरी येतील?"